टाचेचा ब्रेक घेऊन मनोरीला

विक्रोळीहून सकाळी निघालो तेव्हा ब्रेक नवा होता, म्हणजे मी सांगून नवा करून घेतलेला. गावाकडच्या मंडळींना सांगायचं तर माझी मोटारसायकल लांबडी, पाय पुढे ताणून बसायची. गेल्या खेपेला पडलो तेव्हापासून उजवा घोटा वाकत नाही. पंजा खाली जात नाही, म्हणजे पायाचा ब्रेक दबत नाही. पण डावीकडच्या गिअरला दोन टोकं असतात, एक पंजाला, एक टाचेला. मग ब्रेकलाच का नको? घाटकोपरच्या वेल्डरला म्हटलं, ब्रेकच्या दांडीला मागे टाचेसाठी पट्टी जोड.

"काका, नाही चालणार."

"फॅक्टरीत जन्म काढलाय मी. सांगतो तसं कर."

केलं त्याने. हसत केलं, ते मला आवडलं नाही.

बायकोला मनोरीला जायचं होतं. आमच्या चाळीतली फिलोमिना आता तिकडे माहेरच्या घरी राहते, तिला भेटायला. मागे बसताना बायकोने बजावलं, "ह्या टायमाक ब्रेक लागलो नाय तर परत कधी तुमच्या पाठी बसूचंय नाय. सांगान ठेवतंय." गेल्या खेपेला तीही माझ्याबरोबर पडली होती, त्यामुळे मी गाडी चालू केली.

पवईच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या चालीने. टाच दाबली. दबेना. वाटलं, काम नवं आहे, नवी वहाण असते तसं. हळूहळू सैल होईल. हाताच्या ब्रेकवर भागवलं. जोगेश्वरी गेली, मालाड आलं, टाच ठणकायला लागली, पट्टी तसूभर हलली नाही.

"लागता मां?" मागून विचारणा.

"लागतोय, लागतोय."

मार्व्याला गाडी फळीवरून होडीत चढवली. खाडीचं पाणी मातकट, वारा मात्र झकास. तांडेलाची (होडी चालवणाऱ्याची) नजर पट्टीवर गेली. तो खाली बसला, हाताने दाबून बघितलं.

"काका, मागे दाबलं की पुढचं वर उठतं. ब्रेक लागायला पुढचं खाली जायला पाहिजे ना! सगळे पॅसेंजर मागे बसले की नाळ (होडीचं पुढचं टोक) वर जाते, तसं."

"मग गिअरला कसं चालतं?"

"गिअर वर पण टाकतात, खाली पण. ब्रेक काय वर टाकणार?"

मी नाळ बघितली, पट्टी बघितली. होडीचा आणि ब्रेकचा संबंध काही लागेना. बायकोने मात्र सगळं ऐकलं. पलीकडे उतरल्यावर म्हणाली, "तुम्ही व्हा फुडे. मी चलत येतंय."

माडांखालून अरुंद रस्ता, कौलारू घरं, वळणावर क्रूस, सुक्या मासळीचा वास. फिलोमिनाच्या घराकडे उतार लागतो. तिथे मी हट्टाने टाचच दाबली, सगळं अंग टाकून. गाडी सरळ अंगणात, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंमध्ये. थांबली एकदाची. मी बसलेलाच, खांद्यावर बोंबील.

फिलोमिना दारात आली. "आलात? अरे, बेल हाय ना दाराला!"

जेवायला मी पाडलेल्या बोंबलांचंच कालवण आणि तांदळाची भाकरी. जेवण फक्कड, पण मागाहून चालत आलेली बायको फक्त फिलोमिनाशीच बोलत होती. फिलोमिनाचा भाऊ अंतोन लोखंडी गेट बनवतो. त्याने न विचारता माझी पट्टी कापली.

"कापतोस कशाला? टाचेला पाहिजे मला!"

"घोटा वाकत नाय तुमचा. गुडघा वाकतो ना? मग टाचेचं सोडा." त्याने पुढच्या टोकाला रुंद पत्रा जोडला, दांडी थोडी खाली घेतली. "आता अख्खं पाऊल ठेवा आणि गुडघ्यातून दाबा."

मी म्हटलं, चालवून बघतो. बायको उठली आणि गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"येवा," म्हणाली.

"बाजूला हो गं!"

"येवा म्हणतंय ना."

आलो. पाऊल ठेवलं, गुडघ्यातून दाबलं. चाक तिच्या चपलांच्या अलीकडे थांबलं. तिने आधी चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हो ब्रेक कोणाचो?"

"आपलाच."

"अंतोनचो," ती म्हणाली.

संध्याकाळी परत मार्व्याला उतरलो तर समोर रिक्षांची रांग. तिने रिक्षांकडे बघितलं. मी गाडी चालू करून उगाच आरसा पुसत राहिलो. मग तिने पदर खोचला आणि मागे बसली.

मागे दाबलं की पुढचं वर का उठतं, हे मला अजून समजलेलं नाही. समजावणारे भेटतात, मी मान डोलावतो. मालाडपासून विक्रोळीपर्यंत पुढची गाडी जरा हळू झाली की बायको मागून म्हणायची, "दाबा." मी दाबायचो. गाडी थांबत होती ती माझ्या पायाने की तिच्या तोंडाने, देव जाणे. पण ती बसली होती.