धवल्यात बेंजो शिरतो तेव्हा

समस्त शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की उद्या शेणव्याला होऊ घातलेली हळद धवल्याविना होण्याचा धोका निर्माण झाला असून, या आपत्तीस एक म्हातारा गिटार ॲम्प्लिफायर जबाबदार आहे.

घोषणेची भाषा माझी. काशीमास्तर एवढंच म्हणाले, "भाऊ, बाय गायला नाय बोलतेय," आणि तो ॲम्प्लिफायर त्यांनी माझ्या टेबलावर आदळला.

शहापुरात माझं साउंड दुरुस्तीचं दुकान आहे. काशीमास्तर हे शेणव्याचे बेंजो वाजवणारे. हळद त्यांच्याच मुलीची. बाय म्हणजे म्हसा गावाजवळ दिलेली त्यांची थोरली बहीण हिराबाय. ती धवलारीण आहे. हळदीत आणि लग्नात बायका जी जुनी विधीची गाणी गातात तो धवला, आणि त्यात पुढे असते ती धवलारीण. ती गात असताना वाजप बंद, हा रिवाज. धवल्याशिवाय पोरीला हळद कशी लागणार? आणि आत्याच असताना दुसरी धवलारीण आणायची म्हणजे भावकीत तोंड दाखवायची सोय उरत नाही.

भानगड अशी, की मास्तर एका चॅनलवर बेंजो लावतात आणि दुसऱ्यावर हिराबायचा माइक. धवला सुरू झाला की ते आपला व्हॉल्यूम शून्यावर आणतात आणि बेंजोला कान लावून तारा मिळवत बसतात. पण शून्यावरसुद्धा बेंजो हिराबायच्या चॅनलमधून बारीक आवाजात बाहेर पडतो. एका चॅनलमधला आवाज दुसऱ्यात झिरपतो, त्याला क्रॉसटॉक म्हणतात. मागच्या हळदीत तो फारच झिरपला. हिराबाय पाटावरून उठली.

मी म्हटलं, तेवढा वेळ हात मांडीवर ठेवा की.

"आणि तारा कधी मिळवू? धवला संपला की पोरं लगेच नाचायला मागतात."

मग माइकला वेगळा ॲम्प्लिफायर लावा. तेही चालेना. दुसऱ्या डब्यात आपला आवाज पत्र्यावर नखं ओढल्यासारखा येतो, हे हिराबायचंच मत. मी तिला फोन लावला. ती माझ्याशी अगदी गोड बोलली. भाऊ शेजारीच उभा आहे म्हटल्यावर म्हणाली, "त्याला सांगा, डबा सुधरेल तरच मी गाईन. नाय तर पोरीला आशीर्वाद देऊन मागं बसेन."

ते ऐकून मास्तर स्टुलावर बसले.

मी मागची फळी उघडली आणि खरं सांगतो, माझा दुरुस्तीवाला जीव हरखला. काचेचे व्हॉल्व्ह, हाताने ओढलेल्या वायरी, एकही प्रिंटेड बोर्ड नाही. मास्तरांच्या वडिलांनी मुंबईच्या कुठल्याशा बँडवाल्याकडून घेतलेला माल. असल्या यंत्रात बटण बंद केल्यावरही जीवघेणा करंट साठून राहतो, म्हणून आधी तो उतरवून घेतला.

पहिला संशय वायरींवर. दोन चॅनलच्या वायरी शेजारी असल्या तरी आवाज झिरपतो. मोबाइलवर गाणं लावून बेंजोच्या चॅनलला जोडलं, व्हॉल्यूम शून्य केला आणि लाकडी काडीने वायरी हलवून पाहिल्या. काही फरक नाही. दुसरा संशय सप्लायच्या कपॅसिटरवर. ही विजेची टाकी समजा. ती वाळली की एका चॅनलने वीज ओढताच दुसऱ्याला हिसका बसतो. टाकी वाळलीच होती. नवी घातली. घरघर गेली, झिरपणं कमी झालं. पण गेलं नाही.

तेव्हा मी व्हॉल्व्हच्या बुडाशी पाहिलं आणि टाळीच वाजवली. एका काचेत दोन भाग होते, एक बेंजोचा, एक माइकचा, पण दोघांच्या पायाशी रेझिस्टर एकच! चाळीत दोन खोल्यांना एकच मोरी असते ना, तसं. इकडे बादली ओतली की तिकडे पाणी वर येतं. व्हॉल्यूमचा नॉब लागतो तो या व्हॉल्व्हमधून आवाज बाहेर पडल्यावर. तो बंद करून उपयोग काय? मोरीतून बेंजो जायचा तो जातोच.

हा बिघाड नव्हता. बनवणाऱ्याने काटकसर केली होती. म्हणजे दुरुस्ती नव्हे, बदल करायला हवा होता.

मास्तर ताडकन उठले. "वडलांची वस्तू हाय, भाऊ. आवाज बदलला तर?"

मी म्हटलं, आवाज तोच राहील, फक्त बहीण-भावाच्या मोऱ्या वेगळ्या होतील. त्यांनी ॲम्प्लिफायरकडे पाहिलं, मग फोनकडे.

"करा," ते म्हणाले.

मी तो सामाईक रेझिस्टर काढला. दोन नवे बसवले, प्रत्येकाचा रोध जुन्याच्या दुप्पट, म्हणजे व्हॉल्व्हला पूर्वीइतकंच काम. प्रत्येकाला आपापला कपॅसिटर दिला. पुन्हा मोबाइलचं गाणं लावलं, माइकचा चॅनल पूर्ण वर नेला, स्पीकरला कान टेकवला. शांतता! मी दुकानात एक गिरकी घेतली. मास्तरांनी ती सभ्यपणे पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शेणव्याच्या मांडवात पुढच्या खुर्चीवर. हिराबाय आली होती, पण भावाशी अवाक्षर नाही. नवरी पाटावर बसली. नॉब शून्यावर आणून मास्तर ऐटीत तारा छेडू लागले. स्पीकरमधून टिचभरही आवाज नाही. मला तर उठून वाकून नमस्कार करावासा वाटत होता.

हिराबायने धवला उचलला. पहिली ओळ छान. दुसरी जरा वर गेली. तिसरी इतकी वर चढली, की मागच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या आणि गप्प झाल्या. हिराबाय थांबली. वळली. डब्याकडे पाहू लागली. मास्तरांनी घाबरून दोन्ही हात वर केले.

धडा मला नंतर सुचला, तो आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाइकाची तक्रार मुळापासून उपटण्याआधी, गिऱ्हाईक तिला टेकून तर उभं नाही ना, हे बघावं. त्या क्षणी मात्र हिराबाय माइक तोंडाशी धरूनच, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी बोलली:

"हात काय वर करतोस, काश्या? तार वाजव ना रे मेल्या, मला सूर कोन देनार?"