टाकी किती वर आहे?

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली ती दिवाळी जवळ आली तेव्हा आमच्या घरात दोन प्रकारची भीती मुक्कामाला होती. एक गोळीबाराची. ती सगळ्या गिरगावाला होती. दुसरी गॅस कंपनीच्या शेअरची, ती आमची घरगुती.

शेअर माझ्या आत्याचे होते. ती ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा आजोबांनी तिच्या नावावर गॅस कंपनीचे शेअर घेऊन ठेवले. हिला पुढे भावाच्या तोंडाकडे बघायला लागू नये, एवढाच त्यांचा विचार. त्यांच्या लाभांशावर आत्या आमच्याच गल्लीत एक खोली घेऊन राहायची. खोली एवढीशी, पण तिथे कंपनीच्या नळातून येणाऱ्या गॅसवरची तिची स्वतःची शेगडी होती आणि मनात येईल तेव्हा ती चहा करून प्यायची. भरल्या घरात राहणाऱ्या माझ्या आईला ही चैन नव्हती, आणि आई ते बोलूनही दाखवायची.

त्या सुमाराला अफवा उठली की कंपनी विकायची बोलणी चालू आहेत. कुणी गिरणीवाला शेठ घेतोय म्हणे. बोलणी जमली तर शेअर वर जाणार, मोडली तर बुडणार. बाबांच्या पेन्शनर मित्रांची रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर बैठक बसायची. सगळी जुन्या मुंबईची घराणी. वाडवडिलांच्या जागा केव्हाच विकल्या गेल्या होत्या, हे थोडेथोडे शेअर तेवढे उरले होते. सकाळी मोर्चात मुंबईसाठी घसा फोडून आलेली हीच मंडळी संध्याकाळी हळूच एकमेकांना विचारायची, "मुंबई आपल्याला मिळाली तर शेठ बोलणी मोडणार नाही ना रे?"

बोलणी बंद दाराआड चाललेली. खरी खबर कुणालाच नव्हती. मग सॉलिसिटरच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या एका काकांनी अक्कल लढवली.

"लालबागला कंपनीची टाकी बघत चला," ते म्हणाले. "धंदा चालवायचा असेल तर कंपनी कोळसा जाळून गॅस बनवणार, टाकी वर राहणार. गाशा गुंडाळायचा असेल तर कोळसा घेईल कशाला? टाकी खाली बसेल."

ती प्रचंड लोखंडी टाकी गॅस भरला की वर चढायची आणि कमी झाला की उतरायची, हे ट्रामने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं होतं. त्यामुळे सगळ्यांना पटलं. रोज काका ट्रामने लालबागला जाऊन यायचे आणि जिन्यात त्यांची पावलं वाजली की ओटीवरून एकच प्रश्न, "टाकी किती वर आहे?" मी तेव्हा शाळेत शिकवायला लागले होते. मला हा सगळा खुळेपणा वाटायचा. तरी ती पावलं ऐकून माझाही जीव टांगणीला लागायचा, कारण आत्या दाराआड उभी राहून ऐकत असायची.

धनत्रयोदशी तोंडावर आली असताना काका एका संध्याकाळी पांढरेफटक पडून आले.

"बसली," ते म्हणाले. "पार बसली. नुसता सांगाडा उभा आहे."

बशीतल्या ताज्या चकल्यांना कुणी हात लावला नाही. बाबा आत येऊन आत्याला म्हणाले, "ताई, उद्या दलाल बोलावतो. मिळेल तो भाव घे. नंतर रद्दीत जाईल सगळं."

"आधी मी माझ्या डोळ्यांनी बघते," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी करंज्या लाटून, ओल्या फडक्याखाली झाकून, ती माझ्याबरोबर निघाली. लालबागला ट्राममधून उतरलो तर दुकानांच्या फळ्या धडाधड लागत होत्या. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी उभी होती. दगडफेक झाली म्हणे कुठेतरी. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. आत्या मात्र मान वर करून उभी. लोखंडी खांब तसेच उभे होते आणि त्यांच्यामध्ये टाकीऐवजी आभाळ दिसत होतं. तिने माझं मनगट धरलं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला पोलिसांपेक्षा त्या तोंडाचीच जास्त भीती वाटली.

"चल," ती म्हणाली. परतीच्या ट्राममध्ये एकदाच बोलली, "खोली सोडावी लागेल गं."

घरी दलाल येऊन बसलाच होता. आत्याने सही केली. नेहमीसारखी वळणदार आली. मग ती उठली आणि मला घेऊन आपल्या खोलीवर गेली, कारण करंज्या सुकल्या असत्या.

तिने कढई ठेवली. ज्योत जेमतेम. तेल काही तापेना. सोडलेली करंजी तळाशी जाऊन तेल पीत बसली. आत्याने गॅलरीतून शेजारणीला हाक मारली, "अगं, तुझ्याकडे तरी गॅस नीट आहे का?"

"कुठला, आत्याबाई! कालपासून मरगळलाय. सगळ्या मुंबईत कढया चढल्यात, पुरणार कसा? दर दिवाळीचं रडगाणं आहे हे."

आत्या हातात झारा घेऊन तशीच उभी राहिली. "दर दिवाळीचं," ती पुटपुटली. मग माझ्याकडे बघितलं. मी चपलाही न घालता घरी धावले. दलाल निघून गेला होता. ओटीवर बाबा एकटेच डोकं धरून बसले होते आणि आत आई चकल्यांचा दुसरा घाणा तळत होती.

दिवाळी सरली आणि टाकी पुन्हा वर चढली. पुढे बोलणीही जमली, भाव चढला. शेअर सांभाळून ठेवणाऱ्यांचं भलं झालं. आत्याला मिळालेले पैसे बसून खाण्याजोगे नव्हते. उन्हाळ्यात खोली सोडून ती आमच्याकडे राहायला आली. कुणी तिला एका शब्दाने बोललं नाही.

आली त्या दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि माझ्या आईला म्हणाली, "वहिनी, थोडा चहा ठेवू का?"

"अहो वन्सं, विचारता काय? ठेवा की," आई म्हणाली.

पण त्यानंतरही ती रोज विचारायची.