गोधडीतला बर्फ

पाच आठवडे झाले. जावयांचा फोन आला, "आबा, शैला गेली." मी भट्टीपुढं बसलो होतो. पहिला विचार मनात आला तो असा, की आता ती कबूल करायला यायची नाय. बापाच्या मनात असलं यावं...

मी नाशिकचा तांबट, तिसरी नापास. शैला माझी एकुलती लेक, सायखेड्याकडं शाळेत बाई. उष्णतेचा धडा नुसता वाचून दाखवणं तिला जमायचंच नाय. माझ्याकडून तांब्याची सळई न्यायची, तिला मेणानं टाचण्या चिकटवायची न् एक टोक मेणबत्तीवर धरायची. टाचण्या एकेक पडायच्या, पोरं ओरडून मोजायची. लाकडी पट्टीवरची एक पडायची नाय. मी मागं बसून मिशीत हसायचो. सळई माझी होती ना!

दोन वर्षांमागं तिनं वर्गात बर्फाचे दोन सारखे तुकडे आणले. एक गोधडीत गुंडाळला, एक माझ्याच ताटात उघडा ठेवला. "आबा, आधी कुठला विरघळेल?"

"गोधडीतला. गोधडी गरम असती, हे शेंबडं पोरगंबी सांगंल."

"गोधडी गरम नसते, आबा. ऊब आपली असते, ती फक्त अडवते. बाहेरची आत येऊ देत नाही, आतली बाहेर जाऊ देत नाही."

तास संपता संपता ताटात नुसतं पाणी. गोधडी उलगडली, तर आतला तुकडा बराचसा शाबूत. मी म्हटलं, "ताट तांब्याचं हाय, म्हणून लवकर गेला. लाकडावर ठेव, मग बघ!"

"आबा, हरलं की हरलो म्हणावं!" ती हसली. सगळा वर्ग हसला. मी पाणी ओतून दिलं, ताट काखेत मारलं न् एस्टी धरली. त्यानंतर बोललो नाय.

आजारी पडल्यावर तिनं नवऱ्याबरोबर निरोप धाडला, "ताटाचं तुमचं बरोबर होतं, आबा. आता या." मला वाटलं, जिंकलो. म्हटलं, तिनं स्वतः येऊन सांगावं. ती खाटेवरून उठू शकत नाय, हे ठाऊक असून म्हटलं.

परवा बर्फ आणला. एक तुकडा लाकडी पाटावर, एक गोधडीत. पाटावरचा लय वेळ टिकला, पण गेला. गोधडीतला होता.

"हरलो गं, शैले," म्हटलं. घरात ऐकायला कुणी नाय. तो तुकडा मुठीत धरून बसलो. हात बधिर झाला तरी सोडला नाय... पाणी कोपरापर्यंत ओघळत गेलं, आणि मग मुठीत काहीच राहिलं नाय.