कडू वाळूक

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, वाळूक, म्हणजे आमच्याकडची गावरान काकडी, चिरून पानात वाढण्याआधी तिचा एक तुकडा चाखून बघावा. याकडे दुर्लक्ष केल्यास परिणाम फार लांबवर होतात. आमच्या बाबतीत ते सेनगावाकडून थेट जमशेदपूरला झाले.

हसू नका. मी हिंगोलीतला कापसाचा दलाल. बोलणं हाच माझा धंदा, आणि माझ्या निम्म्या गोष्टी तिखटमीठ लावलेल्या असतात हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. भूतखेत, पितर, भानामती — कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. श्राद्धाला मी वड्यांसाठी बसायचो. ही गोष्ट मात्र आहे तशी सांगतोय... मीठ न लावता.

आमचं गाव सेनगावपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. धाकटा भाऊ किसन विशीत असताना, बत्तीस साली, वडिलांशी भांडला. वडील म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नको. त्यानं दाखवलं नाही. आमच्या घराण्यात इतका आज्ञाधारक मुलगा दुसरा झालेला नाही. वाशीमच्या एका मुकादमाबरोबर तो जमशेदपूरला पोलादाच्या भट्टीवर गेला, एवढं कानावर आलं. पुढं काहीच नाही. वर्षभरात वडीलही गेले.

बारा वर्षं पत्ता नसलेला माणूस आमच्याकडे मेलेला धरतात. गवताचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तेरावं घालतात. आम्हीही घातलं. गाव पोटभर जेवलं. मरणाची तिथी माहीत नाही, म्हणून किसनचं पान दरवर्षी सर्वपित्री अमावस्येला वाढायचं ठरलं. आणि तिथंच मायला घोर लागला.

"त्या दिशी साऱ्या दुनियेचे पितर येतेत," ती म्हणायची. "आपलं पोरगं लाजाळू. पंगतीत मागंच उभं राहायचं. त्या गर्दीत त्याच्या वाट्याला काय येऊन राहिलं असंल?"

किसन गेल्याचं तिनं कसंबसं गिळलं होतं. तो उपाशी आहे, हे मात्र तिच्या घशाखाली उतरेना. त्याला त्याची स्वतःची तिथी हवी, म्हणजे त्या दिवशी पानावर तो एकटा बसेल. सत्तेचाळीसच्या भाद्रपदात तिनं मला अक्षरशः घराबाहेर काढलं — जा, आणि तो कधी मेला ते विचारून ये.

तर मी निघालो. कनेरगावच्या नाक्यावर निजामाची हद्द संपते. पलीकडे वाशीम, अकोला, मग रेल्वेनं नागपूर आणि तिथून कलकत्त्याच्या लाइनीनं जमशेदपूर. काय ते शहर! आभाळाला आतून दिवा लावल्यासारखा तांबडा उजेड, भोंग्यावर उठणारी आणि भोंग्यावर झोपणारी माणसं, अंगरख्यावर बसणारी काळी भुकटी. मी बस्तीबस्तीतून विचारत हिंडलो. भावाचा फोटो नव्हता, कामाचा नंबर माहीत नव्हता. शेवटी स्मशानात गेलो. तिथल्या म्हाताऱ्यानं विचारलं, कोणत्या साली मेला? म्हटलं, माहीत नाही. कशानं मेला? माहीत नाही. मग मेला हे तुम्हाला सांगितलं कुणी?

म्हटलं, आम्हीच.

त्यानं माझ्याकडे जे बघितलं ना, ते मला अजून दिसतं.

शोधाशोधीत अमावस्या उजाडली. तिथी काही मिळाली नव्हती. भर दुपारी मी एका नागपूरकर मावशीच्या खानावळीत जेवायला बसलो आणि तिला माझं रडगाणं सांगितलं. ती म्हणाली, भट्टीवरचा एक जुना मराठी माणूस आहे, त्याला विचारा. रोज याच वेळेला येतो. "पण आज जेवणार नाही तो. दोन-तीन वर्षं झाली, पितरांच्या अमावस्येला येऊन नुसता बसते."

तो आला. भाजल्यासारखा चेहरा, भुवया जळालेल्या, दाढी वाढलेली. माझ्यासमोरच रिकाम्या ताटावर बसला. डोळे मिटले. आणि त्याचा जबडा हलायला लागला. तोंडात काही नाही, हात मांडीवर, आणि माणूस सावकाश, चवीनं चावतोय, गिळतोय. मला आधी हसू आलं. मग त्यानं एकदम तोंड वाकडं केलं, बाजूला थुंकला आणि डोळे मिटूनच पुटपुटला,

"माय, वाळूक कडू हाय गं."

जमशेदपूरला वाळूक म्हणजे काय हे कोणाला माहीत असणार? आणि ते कडू लागल्यावर डावा डोळा असा आणखी घट्ट आवळणारा माणूस मी जन्मात एकच बघितला होता. माझा घास हातात राहिला. मी फक्त "किसन" म्हणालो. त्यानं डोळे उघडले आणि विचारलं,

"दादा, माय हाय का?"

हाय म्हटल्यावर तो जो रडला... ते इथं सांगत नाही.

घरी त्याचं श्राद्ध घालतात, हे त्याला माहीतच नव्हतं. त्याला हा पोटाचा रोग वाटायचा. वर्षातून एक दिवस भूक लागत नाही, तोंडाला कढी-वड्यांची चव येते, पोट तुडुंब भरतं. डॉक्टरनं त्यावर जुलाबाचं औषध दिलं होतं. सख्ख्या भावाला, समोरासमोर, तू मेलेला आहेस हे समजावून सांगायची पाळी माझ्यावर आली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. एवढंच म्हणाला, "मग ते मायच्या हातचंच होतं म्हण की."

त्यानं रजा काढली, आम्ही दोघं गावाकडे निघालो. कनेरगावला पोचलो तर तिथं वेगळंच. हैदराबाद संस्थानात धामधूम सुरू झालेली. बोचकी घेऊन माणसं इकडून तिकडे पळत होती. वाशीमकडून आत येणाऱ्याकडे निजामाचे शिपाई संशयानं बघायचे. माझी तोंडओळख होती. किसनला कोण ओळखणार? शिपाई म्हणाला, गावचा कोणी जबाब देणारा आणा. नशीब बघा, आमचे पोलीसपाटील तिथंच गाडी सोडून बसलेले. मी आनंदानं त्यांना हाक मारली. त्यांनी किसनला बघितलं आणि चार पावलं मागं सरकले.

"किसन? त्याचं तेरावं जेवलो की मी."

मी बोललो, हात जोडले, माझी सगळी दलाली पणाला लावली. पाटील भीतीनं पांढरे पडलेले, मान हलवायला तयार नाहीत. मेलेल्या माणसाला शिपाई आत सोडेना. माझा भाऊ स्वतःच्या घरापासून एका दिवसाच्या वाटेवर उभा होता, आणि आम्हीच त्याला जाळून मोकळे झालो होतो. संध्याकाळी तो मागं फिरला.

मी एकटा घरी गेलो. मायनं ओसरीतूनच विचारलं, तिथी मिळाली का? मी आधी उलट विचारलं — अमावस्येला वाळूक कसं होतं? ती चपापली. पितरांच्या स्वयंपाकातलं आधी चाखायचं नसतं. पान वाढून झालं, कावळ्याला ठेवलं, आणि मग घरचे जेवायला बसले तेव्हा कळलं. "कडू जहर निघालं," ती म्हणाली. "तुला कोणी सांगितलं?"

मग मी सांगितलं.

त्याला आता वर्ष झालं. मधल्या काळात टपाल बंद, नाका बंद. किसनची काही खबर नाही. आहे की नाही, तेही सांगता येत नाही. जोशीबुवांनी पोथ्या चाळून सांगितलं की तो आला तर त्याला पाळण्यात घालून पुन्हा बारसं करावं लागेल. आणि जित्या माणसाचं पान वाढणं म्हणजे महापाप. हजार कोसांवरच्या तोंडात वाळूक कसं कडू लागलं, याचं उत्तर त्यांच्या पोथीत नाही. माझ्याकडेही नाही. मी हात टेकले आहेत.

परवाच्या अमावस्येला किसनचं पान वाढायचं नाही असं ठरलं होतं. जोशीबुवा मंत्र म्हणत होते, मी पिंडांशी बसलो होतो. स्वयंपाकघरातून माय एक जादाचं पान घेऊन आली. विळी पुढं ओढली, वाळूक चिरलं आणि सगळ्यांदेखत पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. जोशीबुवांचा मंत्रच तुटला. आजी, हे उष्टं झालं, आणि जित्या माणसाला पान वाढत नसतात, असं ते कळवळून म्हणाले. मीही, माय राहू दे, असं काहीतरी म्हणालो.

तिनं तुकडा नीट चावून गिळला. मग दुसरी फोड किसनच्या पानात ठेवत बोलून गेली,

"जित्ता हाय म्हणून उपाशी ठिवू का त्याला?"