गिरडचा मलीदा आणि माणिकचा पाय

माणिकचा पाय गिरडच्या दर्ग्यातल्या बाबांनी बरा केला, असं आमच्या कॉलेजात अजून सांगतात. मास्तर, म्हणजे मी, जाम गावापासून अनवाणी चालत गेले, टेकडीवर मलीदा वाटला आणि तिकडे पोराचा पाय सरळ झाला, अशी ती गोष्ट. एकदा गॅदरिंगमध्ये ती स्टेजवरून सांगितली गेली, माझ्या गळ्यात हार पडला आणि मी मान खाली घालून तो घेतला. लोकांना तो विनय वाटला. खरं तर मला तेव्हा वर बघवत नव्हतं. गिरडच्या बाबांवर माझी श्रद्धा आहे. कृपा झाली, हेही मी मानतो. पण ती कशी झाली हे सांगायचं तर आधी माझं पाप सांगावं लागतं, आणि तेवढ्यासाठीच मी तीन वर्षं चारचौघांत गप्प बसलो. आता पन्नाशी जवळ आली. आणखी गप्प बसलो तर ही गोष्ट खोटीच मागे राहील, म्हणून लिहितो.

मी मुळात तालमीतला माणूस. लहानपणापासून अंगाला लाल माती लावून वाढलो. आमचे उस्ताद हाडं बसवत, त्यांच्या हाताखाली मीही शिकलो. सरकलेलं बोट, निखळलेला खांदा, मुरगळलेला घोटा, असं काही झालं की वर्ध्यातली माणसं माझ्याकडे येत. कॉलेजात व्यायामशिक्षक झालो तेव्हा बास्केटबॉल मी पुस्तक वाचून शिकलो आणि तसाच शिकवला. खेळ नवा होता, पण पोरं गुणी होती. त्यात माणिक सगळ्यांत पुढे. आष्टीकडच्या जंगलातलं गोंड कुटुंब. बाप जंगल खात्याच्या कामावर मजूर. घरात त्यांची गोंडी चाले, आमच्याशी बाप वऱ्हाडी बोले. पोरगा बी.ए.ला होता. परीक्षा झाली की जंगल खात्यातच नोकरीला लागायचं, पण मजूर म्हणून नाही, खाकी घालून, असं बापलेकांनी ठरवलं होतं. ती नोकरी सगळी पायावरची. दिवसाला पाच-सहा कोस रान तुडवता आलं पाहिजे, एरवी उभंसुद्धा करत नाहीत.

त्या वर्षीचे आंतरकॉलेज सामने आमच्याच मुरमाच्या मैदानावर होते. अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सरावात माणिक उडी मारून खाली आला तो दुसऱ्याच्या पायावर. पाऊल आत वळलं. वसतिगृहाच्या खोलीत मी त्याचा पाय मांडीवर घेतला. वरचा भाग सुजून पुरीसारखा फुगला होता. शहाण्या माणसानं त्याला तसाच दवाखान्यात नेला असता. मी तिळाचं तेल मागवलं. अंगठा आणि टाच धरली, एक हिसका दिला. आत काहीतरी कट्‌ वाजलं. "बसलं!" मी म्हणालो. माणिकच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तो हसला आणि म्हणाला, "सर, तुम्ही म्हणता म्हणजे बसलंच."

दुसऱ्या दिवशी मी त्याला घट्ट पट्टी बांधून मैदानात उतरवला. अर्धा सामना तो खेळला. त्यानं तेवढ्यात जी आघाडी मिळवून दिली तिच्यावर आम्ही जिंकलो. कपासोबतच्या फोटोत मी मधोमध उभा आहे. माणिक त्यात नाही. त्याला तेव्हा दोघांनी उचलून दवाखान्यात नेलं होतं.

फोटो काढून मीही मागोमाग गेलो. डॉक्टरांनी पाय पाहिला, एक्स-रे काढला आणि विचारलं, "कोणी चोळलं होतं का? ओढाताण केली?"

माणिकनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा कॅनव्हासचा बूट माझ्या हातात होता. मग तो डॉक्टरांना म्हणाला, "नाही साहेब."

मी काही बोललो नाही. नोकरी जाईल ही भीती होती, नाही म्हणत नाही. पण त्याहून मोठी भीती माझ्या हाताचं नाव जाईल ही होती. वीस वर्षं गावानं ज्या हातांवर विश्वास टाकला त्यांनी एक पाय मोडला, हे मला कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. आणि विद्यार्थ्यानं माझ्यासाठी खोटं बोलावं, हे मी चालवून घेतलं.

प्लॅस्टर घातलं. तीन आठवडे झाले तरी दुखणं उतरेना. बोटं निळसर दिसत. डॉक्टर म्हणत, "मला हे नीट उमजत नाही. हाडं एक्स-रेत जशी दिसतात तशी असती तर एव्हाना आराम पडायला हवा होता. असंच जुळलं तर पोरगा जन्मभर लंगडेल." नागपूरचे हाडांचे मोठे डॉक्टर अधूनमधून येत, ते आले की दाखवू म्हणाले. कधी येतील ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

माणिकचा बाप आष्टीहून आला. खाटेशी बसला, पोराच्या बोटांना हात लावून पाहिला. मग बाहेर व्हरांड्यात मला म्हणाला, "मास्तर, तुमच्या हाती देलं पोराले. तुम्ही हात लावला म्हनजे मले काई घोर नाई." त्यानं ते भाबडेपणानं म्हटलं होतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेव्हा मी गिरडला नवस बोललो. जामपर्यंत मोटारीनं आणि जामपासून अनवाणी जाईन, टेकडीवर पायलीभर गव्हाचा मलीदा वाटीन. हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवसाचा दुसरा भाग मी कोणाला सांगितला नाही. बाबा, पोराचा पाय बरा कर आणि माझं झाकलेलं झाकलेलंच राहू दे. एकाच श्वासात मी या दोन्ही गोष्टी मागितल्या होत्या.

थंडीचे दिवस होते. दीड दिवस चाललो. समुद्रपूरला मारुतीच्या देवळात मुक्काम केला. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया मला पाहून रामराम करत. तळव्यांना फोड आले आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. जेवढं दुखेल तेवढं फिटेल असा माझा हिशेब चालला होता.

गिरडच्या टेकडीखाली नवसकऱ्यांसाठी चुली मांडलेल्या असतात. तिथे एका म्हातारीनं मला परात दिली. गव्हाच्या रोट्या करायच्या, त्या कुस्करायच्या, गूळ-तूप घालून मळायचं, झाला मलीदा. मी आयुष्यात कणीक मळलेली नव्हती. म्हातारी थोडा वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "अरे पैलवान, पिठाले चीत करून राह्यला काय? सरक तिकडं!"

तिनं परात ओढून घेतली. मी चुलीत काड्या सारत बसलो.

"कोनासाठी आलास?"

"विद्यार्थी आहे माझा, मावशी. पाय मोडलाय."

"कसा मोडला?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला होता. खेळताना, असं माझं उत्तर ठरलेलं होतं. त्या दिवशी तोंडातून निघालं, "थोडा खेळताना मोडला. बाकीचा मी ओढून मोडला."

म्हातारी दचकली नाही. रोटी थापता थापता म्हणाली, "मंग डागदर काय म्हन्ते?"

"डॉक्टरला मी सांगितलं नाही."

तेव्हा मात्र तिचे हात थांबले. "सांगतलंच नाई? अन् इथं काऊन आलास बापा? बाबाले सांगून राह्यला अन् ज्याच्या हाती पोराचा पाय हाय त्याले नाई?"

"नवस होता, मावशी."

"नवस कुठी पयून जाते काय! मी करतो मलीदा, मीच वाटतो, पोराचं नाव तेवढं सांगून दे. तू ऊठ. हिंगणघाटले कापसाचा टरक चालला, तो पाह्य, चाक बदलवून राह्यले. जाय, बसजो त्याच्यावर."

"वर जाऊन दर्शन तरी..."

"इथूनच हात जोड. बाबाले दिसते."

मी टेकडीकडे पाहून हात जोडले. पहिल्यांदाच माझ्या मनात काही मागणं आलं नाही. नुसतं 'जातो' एवढंच म्हणालो. ट्रकवाल्यांनी चाक बसवून दोरखंड आवळले होते आणि ते निघतच होते. त्यांनी मला वर चढवलं. कापसावर आडवा पडलो तेव्हा अंगाखाली इतकं मऊ लागलं की मला रडूच कोसळलं. दीड दिवसाची वाट अडीच तासांत मागे गेली. हिंगणघाटला स्टेशनवर मुक्काम करून सकाळच्या पॅसेंजरनं वर्ध्याला पोचलो. गाडी उशिरा आली. दवाखान्यात शिरलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता.

डॉक्टर त्यांच्या क्वार्टरमध्ये जेवत होते. सोबत नागपूरचे हाडांचे डॉक्टर. ते सकाळी अचानक आले होते, माणिकचा पाय पाहून गोंधळात पडले होते आणि बाराच्या गाडीनं परत जाणार होते. डॉक्टरांच्या बायकोनं भरल्या वांग्यांवर आग्रहानं ठेवून घेतलं म्हणून थांबले. मी धुळीनं माखलेला, अंगभर कापूस चिकटलेला, तसाच दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "पाय मी ओढला होता. माणिक खोटं बोलला, माझ्यासाठी."

आमच्या डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. ते जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. ते सगळं रास्त होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी मात्र हात धुतले, पायातला मोजा काढला आणि आपलं पाऊल माझ्यापुढे स्टुलावर ठेवलं.

"कसं ओढलंत ते दाखवा."

"तुमच्या पायावर?"

"मग काय खुर्चीच्या? दाखवा. मोडू नका म्हणजे झालं."

मी त्यांचा अंगठा आणि टाच धरली. माझ्या हातांना सगळं आठवत होतं. कुठे दाबलं, कोणत्या बाजूला वळवलं, कट्‌ कुठे वाजलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. दोनदा करायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे मधली हाडं आडवी फिरलीयत. फोटो वरून काढलाय, त्यात ते दिसणार नाही. बाजूनं काढा." तसा काढला आणि ते खरं निघालं. त्याच संध्याकाळी भूल देऊन त्यांनी पाय पुन्हा बसवला. जाताना म्हणाले, "आणखी आठ-दहा दिवस गेले असते तर मी हात लावला नसता. आताही खात्री देत नाही."

माणिक शुद्धीवर आला तेव्हा मी पायथ्याशी होतो. "तुझ्यावर खोटं बोलायची पाळी आणली, माफ कर," मी म्हणालो. तो गुंगीत हसला. "सर, आता तुम्ही खरं बोलला नं, माझी सुट्टी झाली."

पुढचे अडीच महिने काय होईल ते कोणालाच सांगता येत नव्हतं. गंमत अशी की तो काळ मला जड गेला नाही. निकाल हातात नव्हता, पण डॉक्टरांपासून लपवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर टाकून माणिक बास्केटखाली खुर्चीत बसायचा. "सर, बॉल द्या. पायाची रजा आहे, हातांची नाही." मी चेंडू उचलून द्यायचा, त्यानं फेकायचा. प्लॅस्टर निघालं तेव्हा पोटरी ज्वारीच्या धांड्यासारखी बारीक झाली होती. पहिल्या दिवशी तो खाटेपासून खिडकीपर्यंत गेला. आठवड्यानं फाटकापर्यंत. पुढच्या हिवाळ्यात मैदानात उतरला. पाय अगदी पहिल्यासारखा झाला, असं खोटं कशाला लिहू? उडी थोडी उणावली, आणि थंडीत सकाळी पाऊल आखडतं. पण लंगडत नाही. जंगल खात्याची चालण्याची परीक्षा त्यानं पुरी केली आणि आज तो खाकी घालून रान तुडवतो.

दुसऱ्या वर्षी मी गिरडला गेलो. म्हातारी तिथेच होती. मी ओळख दिली तर म्हणाली, "असे लय येते रे बापा, कोनाकोनाले ध्यानात ठेवू?" माणिकच्या नावाचा मलीदा वाटला का, असं विचारलं तर रागावली. "न वाटून काय घरी नेला काय?" त्या दिवशी मी वर जाऊन दर्शन घेतलं.

डॉक्टरांना सांगितलं, माणिकला ठाऊकच होतं. राहिला होता त्याचा बाप. त्याला सांगायला मात्र माझी जीभ रेटत नव्हती. गेल्या महिन्यात तो वर्ध्याला बाजाराला आला आणि घरी भेटायला आला, तेव्हा ओसरीवर बसवून मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. फोटोचंही सांगितलं, हाराचंही. तो खाली मान घालून ऐकत होता. चहा तसाच निवला. मग म्हणाला, "तीन वर्सं लागले, मास्तर."

"हो."

"माह्या पोरानं लय सोसलं."

"हो."

तो उठला. मला वाटलं, गेला, आता पुन्हा येणार नाही. पायरीपर्यंत जाऊन परत फिरला आणि उजवा खांदा पुढे करून म्हणाला, "लाकडं उचलता उचलता हे इथं काईतरी सरकलं. हात वर जात नाई. पाहता काय जरा?"

माझे हात आपोआप उठले होते. मी ते तिथेच थांबवले. त्या माणसानं खांद्यासोबत आपला विश्वासही पुन्हा माझ्यापुढे ठेवला होता, ते मला कळलं होतं. मी म्हणालो, "पाहत नाही. चला, दवाखान्यात जाऊ. मी सोबत येतो."

"तुम्हीच पाहा म्हटलं तं!"

"मी सोबत येतो," मी पुन्हा म्हणालो.

तो कुरकुरत निघाला. वाटेत बाजारात कांदे काय भाव होते ते मला सांगू लागला. मी त्याच्या डाव्या बाजूनं चालत होतो, उजव्या खांद्याला गर्दीचा धक्का लागला तर बरं नाही म्हणून मग बाजू बदलली. देवावर भार टाकणं मला अजून पुरतं जमलं आहे असं म्हणवत नाही. पण त्या दुपारी मनात कसलंही मागणं नव्हतं, कोणापासून तोंड चुकवायचं नव्हतं, आणि ज्याचा मी गुन्हेगार होतो तोच माझ्यासोबत चालत होता. एवढं ज्यानं दिलं त्याला मी चालता चालताच हात जोडले.