आई अखेर बोटीत बसली!

मंडळी, ऐका! तासाभरापूर्वी माझी आई कोचीत बोटीत बसली!

आठवडाभरासाठी आम्ही सोलापूरहून इथे आलोय. रोज एक सहल असते. राजवाडा झाला, मसाल्याच्या वखारी झाल्या, मासेमारीची चिनी जाळी झाली. पण सगळं रस्त्याने, कारण आई बोटीत पाय ठेवायला तयार नव्हती. उद्या परतीची गाडी आहे.

तिचं माहेर सोलापूरजवळचं वळसंग. समुद्र तिने पाहिला तो इथेच. ती घाबरली असणार, हे मीच ठरवून टाकलं. मग काय, रोज धक्क्यावर उभा राहून लाइफ जॅकेट, बोटीची रचना आणि वरुणदेवाची कृपा या विषयांवर व्याख्यान, मधूनमधून संस्कृत श्लोकांसह.

आज लेकीने सरळ विचारलं, "आज्जी, भीती कशाची वाटते गं?"

"भीती कसली? एवढं पाणी पहिल्यांदा बघितलं. नारळ दिल्याबिगर त्याच्यावर पाय द्यायचा व्हय?"

मी म्हटलं, "अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू गप बसलास कुटं?"

कोचीत नारळ मिळायला कितीसा वेळ लागणार! आईने तो पाण्यात सोडला, हात जोडले आणि सगळ्यांच्या आधी चढून कडेची जागा पकडली. पलीकडचा धक्का आला तरी उतरेना. "आणिक एकदा जाऊ की!" तीन फेऱ्या झाल्या.

तुमच्या घरी कोणी असंच 'नको' म्हणून अडून बसलंय का? कारण विचारलंत, की तुमचंही व्याख्यानच चालू आहे?