बाबांनी धुतलेली काडतुसं

बाबा तीन महिन्यांसाठी म्हणून सिडनीला माझ्याकडे आले आणि महिन्याभरात विमानं बंद झाली. गुडघ्यांमुळे आई आलीच नव्हती. ती पुण्यात एकटी. पेंडल हिल उपनगरातल्या माझ्या छोट्या फ्लॅटमध्ये बाबा दिवसभर येरझाऱ्या घालायचे. मी लॅपटॉपसमोर मीटिंगमध्ये, आणि पाठीमागे त्यांच्या सपाता फट् फट्.

मी रायफल क्लबची मेंबर. रेंजवर नेमबाजी झाली की उडवलेल्या गोळ्यांची रिकामी पितळी काडतुसं घरी आणायची. साफ केली की ती पुन्हा भरता येतात. लॉकडाउनमध्ये रेंजही बंद झाली, तेव्हा दोनेकशे काडतुसं काळवंडून पडली होती. एके दिवशी मी ती बाबांपुढे ओतली.

बाबांची हयात कारखान्यात लेथवर गेलेली. त्यांनी एक काडतूस चष्म्याजवळ धरलं. "लढाईला निघालीस का गं?"

"कागदावर भोकं पाडते, बाबा."

मी त्यांना कृती दाखवली: गरम पाणी, थोडं लिंबूफूल, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. "दहाच मिनिटं हं. जास्त राहिलं तर पितळ खराब होतं."

"अहो, पितळ ना? मग चिंच लावा की," आई फोनवर म्हणाली.

धुण्यापेक्षा वाळवणं किचकट. आत थेंबभर पाणी राहिलं तरी नंतर भरलेली दारू सादळते. बाबा बाल्कनीत टॉवेलवर काडतुसं पसरायचे आणि ऊन सरकेल तसा टॉवेल सरकवत राहायचे.

शेवटचा घाणा पाण्यात होता तेव्हा पुण्याहून शेजारच्या काकूंचा फोन आला. आईला ताप, श्वास लागलेला, ॲम्ब्युलन्स घेऊन गेली. सोबत कुणाला जाऊ दिलं नाही.

बाबांनी बूट चढवले.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही," म्हणाले, आणि बुटांसकट सोफ्यावर बसले. लगेच उठले. पुन्हा बसले.

मी हॉस्पिटलला फोन लावत राहिले. दोन तासांनी मोरीतली बादली आठवली. काडतुसं गुलाबी पडली होती, म्हणजे कायमची निकामी.

"दहा मिनिटं म्हटलं होतं ना!" मी ओरडले. त्यांच्यावर कशाला ओरडले, कोण जाणे.

त्यांनी बादली उचलली आणि एकेक काडतूस नळाखाली धरायला लागले.

"बाबा, ती टाकायचीच आहेत आता."

"माहितीये. हाताला काहीतरी पाहिजे."

मग मीही फडकं घेऊन शेजारी बसले. अंधार पडेपर्यंत आम्ही निकामी पितळ पुसत होतो.

आई बारा दिवसांनी घरी आली. पुढे खास विमानांच्या यादीत बाबांचा नंबर लागला. भारतात उतरून चौदा दिवस हॉटेलात कोंडून काढले, मग घर. दुसऱ्या दिवशी मी व्हिडिओ कॉल केला तर आईने फोन फिरवून दाखवलं: बाबा भरदुपारी खुर्चीतच घोरत होते.

"कालपासून असेच पडलेत," ती हळू आवाजात म्हणाली. "उठवू का?"

"नको," मी म्हटलं.